ऐंशी हजार पानं आणि एक दंड

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "झेक लोकांनी युरोपीय संघाचे कायदे जसेच्या तसे उचलले की भांडून घेतले?" फोनवर तेवढं नीट सांगता आलं नाही.

संघात शिरण्याआधी वाटाघाटी झाल्या खऱ्या. मार्च १९९८ ते डिसेंबर २००२, एकूण ३१ प्रकरणं: शेती, जकात, पर्यावरण वगैरे. पण कायद्याच्या काना-मात्रेलाही हात लावायची सोय नव्हती. घासाघीस फक्त मुदतीची. परदेशी माणसानं शेतजमीन घेऊ नये म्हणून यांनी सात वर्षं मागून घेतली. त्याच हिशेबानं जर्मनी-ऑस्ट्रियानंही इथल्या कामगारांना २०११ पर्यंत थोपवून धरलं. बाकी संघाच्या कायद्यांची सुमारे ८० हजार पानं मुकाट्यानं मान्य. काही कायदे संसदेनं स्वतः करायचे, पण संघाची 'विनियमनं' (थेट लागू होणारे कायदे) १ मे २००४ ला, म्हणजे झेक लोक संघात शिरले त्याच दिवशी, आपोआप लागू. संसदेला कुणी विचारतच नाही!

आता तुमच्यातल्या कोर्टाच्या शिरस्तेदाराला आवडेल असा भाग. ओलोमोउत्सच्या एका वाइन आयातदारानं त्याच वसंतात रेड वाइन मागवली. जकातीच्या कागदावर वर्गवारी चुकीची दाखवली म्हणून त्याला दंड झाला. तो म्हणाला, ज्या विनियमनावर बोट ठेवताय ते संघाच्या राजपत्रात झेक भाषेत अजून छापलेलंच नाही, मग मी बांधील कसा? सरकारी बाजू म्हणे, इंटरनेटवर होतं की! ओस्त्रावाच्या कोर्टानं प्रश्न लक्झेंबर्गला, संघाच्या न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २००७ मध्ये तिथल्या न्यायालयानं सांगितलं: कायदा लागू असेल, पण राजपत्रात त्या भाषेत छापून येईपर्यंत तो नागरिकाच्या अंगावर टाकता येणार नाही. इंटरनेटवर असणं पुरेसं नाही.

मला हा निकाल फार पटतो. इतकी पानं घाईघाईनं गळ्यात मारायची आणि वाचायला मिळायच्या आधीच दंड, हे कसं चालेल?

पण त्याच निकालात एक मेख आहे. जे जुने आदेश अंतिम झालेत, ते पुन्हा उघडायचं बंधन सरकारवर सहसा नाही. म्हणजे ज्यांनी निमूटपणे दंड भरला, त्यांचा गेलाच. बाबा, तुम्ही यावर चिडणार, माहीत आहे मला. रविवारी फोन करते, तेव्हा बोला. आणि आई, त्यांना बीपीची गोळी आधी दे.

तुमची,
मनू