सहकारी गेल्यानंतरचे पहिले आठ दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा वार्ताहर, निवेदक, छायाचित्रकार किंवा ध्वनिमुद्रक अचानक जातो आणि तासाभरात शेकडो माणसे मोबाइलच्या पडद्यावर जमून हळहळू लागतात. त्यातल्या अनेकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. ही हळहळ खरी असते. रोज कानात बोलणारे माणूस गेले की घर सुने होतेच. पण याच हळहळीपोटी, अगदी चांगल्या हेतूने, पहिल्या आठ दिवसांत अशा काही गोष्टी होतात की त्या माणसाचे आयुष्यभराचे काम हातचे जाते. ते कसे जाते आणि कसे राखता येते, हे नेमकेपणाने सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात बातमीपासून. घरच्यांना कळले आहे की नाही, हे एकाच व्यक्तीने जवळच्या नातलगाशी बोलून नक्की करावे. बाकीच्यांनी घरी फोन लावू नयेत. तोवर सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात संदेश पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनपुरती ठेवावी. मग एकच सूचना टाकावी: दुजोरा कोणी दिला, किती वाजता दिला, काय जाहीर करायला कुटुंबाची हरकत नाही. ही सूचना पिन करावी, म्हणजे गटात सर्वांत वर दिसत राहील अशी ठेवावी, नाहीतर दोनशे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली ती बुडते आणि नवा आलेला प्रत्येक जण तेच प्रश्न विचारत राहतो. मृत्यूच्या बातमीत अनुभवी संस्थाही चुकतात. नोव्हेंबर २०२० मध्ये रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलच्या संकेतस्थळावर सुमारे शंभर हयात नामवंतांचे, आधीच लिहून ठेवलेले मृत्युलेख प्रसिद्ध झाले होते. मजकूर नव्या प्रणालीत हलवताना तो घोळ झाला.

मृत्यूचे कारण कुटुंबाने सांगितल्याशिवाय लिहू नये, अंदाज तर मुळीच नको. आत्महत्या असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वे गटातल्या संदेशांनाही लागू होतात, असे आम्ही मानतो. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर यांपैकी काहीही नको, एकाच कारणावर बोट ठेवणे नको, आणि मदत कुठे मिळेल ते सोबत द्यावे. बातमी लिहिताना हे काटेकोर पाळणारी माणसे आपल्याच गटात ते विसरतात, कारण तिथे आपण ‘घरातच’ बोलतोय असे वाटते. तिथेही कोणीतरी आधीच कोलमडलेला असू शकतो.

त्याच दिवशी करायचे आणखी एक काम बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. गेलेल्या सहकाऱ्याने पुढच्या तारखा टाकून ठेवलेल्या पोस्ट, ईमेल-पत्रिका, पॉडकास्टचे भाग आपोआप बाहेर पडत राहतात. अंत्यसंस्काराच्या दिवशीच त्याच्या नावाने एखादी खेळकर पोस्ट आली की वाचणाऱ्यांच्या काळजात चर्र होते. कार्यालयाच्या ताब्यातल्या, अशा तारखा टाकलेल्या मजकुराच्या सगळ्या रांगा थांबवाव्यात. थांबवाव्यात, पुसू नयेत. त्यातला एखादा भाग पुढे कुटुंबाच्या संमतीने त्याचे शेवटचे काम म्हणून प्रसिद्ध करता येतो.

आता खात्यांविषयी, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. मोबाइल क्रमांक लगेच बंद करू नये, असे कुटुंबाला आवर्जून सांगावे. बँकेपासून ईमेलपर्यंतचे पडताळणीचे कोड त्याच क्रमांकावर येतात, आणि बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. व्हॉट्सॲप खाते सर्वसाधारणपणे १२० दिवस वापरात नसले की काढून टाकले जाते. त्या वेळी गटात ‘बाहेर पडले’ अशी ओळ दिसते आणि महिन्यांनंतर लोक पुन्हा हादरतात. हे असे होणार आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

फेसबुकवर खाते स्मृतिखाते करण्याची सोय २००९ पासून आहे. तसे केले की नावाजवळ स्मरणार्थ असल्याची खूण येते, वाढदिवसाची आठवण कोणाला जात नाही आणि त्या खात्यात कोणालाच, पासवर्ड माहीत असला तरी, शिरता येत नाही. हे चांगलेच आहे. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. माध्यमांतल्या माणसाच्या नावावर बहुधा एखादे पेजही असते, कार्यक्रमाचे, सदराचे किंवा जुन्या छायाचित्रांचे. त्या पेजचा तो एकटाच ॲडमिन असेल आणि खाते स्मृतिखाते झाले, तर फेसबुकच्या नियमाप्रमाणे ते पेजही काढले जाते. दहा वर्षांचे भाग आणि त्याखालची श्रोत्यांची पत्रे एका अर्जाने नाहीशी होतात, आणि हा अर्ज कुटुंबाबाहेरचा एखादा हळवा मित्रही करू शकतो. म्हणून गटात पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहावे की स्मृतिखात्याचा अर्ज कोणीही परस्पर करू नये. पेजवर दुसरा ॲडमिन आहे का, ते आधी पाहावे. नसेल तर पेजवरचे सगळे उतरवून घ्यावे आणि अर्ज कधी करायचा ते कुटुंबाने ठरवावे.

जिवंतपणीच केलेली तयारी असेल तर बरेच सोपे जाते. फेसबुकवर २०१५ पासून वारस-संपर्क, म्हणजे आपल्यामागे स्मृतिखाते सांभाळणारी व्यक्ती, नेमता येतो. त्याला पोस्ट पिन करता येते, छायाचित्र बदलता येते, पण खासगी संदेश वाचता येत नाहीत. गूगलच्या निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थेत ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत ठरवून, तेवढा काळ खाते वापरले गेले नाही तर ज्यांना कळवायचे अशा दहा जणांपर्यंत नावे देता येतात. ॲपलमध्ये पाच जण नेमता येतात, मात्र त्यांना नेमणुकीच्या वेळी तयार झालेली प्रवेश-कळ (ॲक्सेस की) आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात, आणि जपून ठेवलेले पासवर्ड त्यात मिळत नाहीत. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) स्मृतिखाते हा प्रकारच नाही. तिथे कुटुंबाला फक्त खाते बंद करण्याची विनंती करता येते. एकदा बंद केले की त्यावरचे सगळे वार्तांकन जाते. म्हणून सार्वजनिक पाने आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांची पाने साठवणाऱ्या संग्रहात, जतन करावीत. पत्ता टाकून एकेक पान साठवता येते. बंद गटांतले मजकूर तिथे जात नाहीत, ते हातानेच उतरवावे लागतात.

वार्ताहराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात तडजोड नको. त्याच्या फोनमध्ये, वहीत, लॅपटॉपमध्ये त्याचे स्रोत असतात. नाव गुप्त राहील या शब्दावर ज्यांनी माहिती दिली, त्यांना दिलेला शब्द त्याच्याबरोबर संपत नाही. कार्यालयाचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी कोरा करून नव्या माणसाला देणे चूक, आणि चार सहकाऱ्यांनी मिळून तो चाळणेही चूक. तो बंद करून कुलपात ठेवावा. काय उघडायचे ते संपादक आणि कुटुंबाचा एक प्रतिनिधी यांनी मिळून ठरवावे. आठवणी लिहितानाही हे भान हवे. ‘ती मोठी बातमी त्याला अमुक खात्यातल्या माणसाने दिली होती’ असे प्रेमाने लिहिलेले एक वाक्य कोणाची तरी नोकरी घालवू शकते, कधी जीवही धोक्यात घालते.

कामाचा साठा वाचवायचा तर आधी हाताशी असलेली कार्डे पाहावीत. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यातली मेमरी कार्डे दुसऱ्याच दिवशी पुन्हा वापरात जातात आणि त्यांवर नवे काम चढते. ती काढून, बाजूला लहान कळ असेल तर ती ‘लॉक’वर करावी. ध्वनिसंपादनाच्या प्रकल्पाची फक्त मुख्य फाइल उचलून चालत नाही. तिच्यात आवाज नसतो, आवाज कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची नोंद असते. पूर्ण फोल्डर घेतले नाही तर महिन्याभराने उघडल्यावर रिकामे ट्रॅक समोर येतात. मूळ फाइल ज्या स्वरूपात आहे त्याच स्वरूपात ठेवावी. वेव्हची, म्हणजे न दाबलेल्या ध्वनिफाइलची, दाबून लहान केलेली एमपीथ्री केली की गेलेला तपशील परत येत नाही, आणि एमपीथ्रीची वेव्ह करून काही मिळतही नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि प्रत उघडून, ऐकून पाहिल्याशिवाय मूळ कार्डाला हात लावू नये.

छायाचित्रे गटात मागवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करते आणि त्यातली तारीख, कॅमेऱ्याची माहिती, आत चित्रओळी भरलेल्या असतील तर त्याही गळून जातात. सोबत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: केव्हाचे, कुठले, चित्रात कोण कोण आहे. ओळखणारी माणसे आज आहेत, ती उद्या असतीलच असे नाही. संग्रह प्रसिद्ध करायचा असेल तर हक्क कोणाकडे आहे ते पाहावे. नोकरीतले काम करारानुसार संस्थेचे असू शकते, मुक्त पत्रकाराचे मात्र वारसांकडे जाते. लेखनाचा स्वामित्वहक्क बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही किमान ५० वर्षे टिकतो.

मदतनिधी कुटुंबाने स्वतः सांगितलेल्या खात्यावरच गोळा व्हावा, आणि तो तपशील पिन केलेल्या सूचनेतच असावा. हुबेहूब नावाची नकली खाती दोन दिवसांत उगवतात. आणखी एक मोह अलीकडे दिसतो: निवेदकाच्या तासन्‌तासांच्या ध्वनिमुद्रणावरून यंत्राने त्याचा आवाज पुन्हा बोलता करायचा आणि श्रद्धांजलीत वाजवायचा. त्याने स्वतः तशी संमती दिली नसेल तर हे करू नये, असे आमचे ठाम मत आहे. त्याने जे कधी म्हटलेच नाही ते त्याच्या तोंडी घालणे त्याच्या आयुष्यभराच्या कामाच्या अगदी उलट आहे. खरे ध्वनिमुद्रण वाजवावे. चुकलेला श्वास आणि खोकला असला तरी तेच वाजवावे.

शेवटी आपल्या दैनिकाला आणि सर्वच वृत्तसंस्थांना एक विनंती. कर्मचारी गेला की तांत्रिक विभाग त्याचे वापरकर्ता-खाते काढून टाकतो. संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत त्या वेळी दोनच पर्याय समोर येतात: त्याचा सगळा मजकूर पुसा किंवा तो दुसऱ्याच्या नावावर करा. दोन्ही चूक आहेत. पहिल्याने लेख जातात, दुसऱ्याने लेखकाचे नाव. खाते तसेच ठेवावे, पासवर्ड बदलावा, चालू लॉगिन बंद करावेत आणि त्या वापरकर्त्याची भूमिका, म्हणजे प्रणालीतल्या त्याच्या परवानग्या, काढून घ्यावी. लेखांवरचे नाव आणि त्याचे लेखक-पान दोन्ही जिथल्या तिथे राहतात. या कामाला पाच मिनिटे लागतात. अशी सूचना आपल्या तांत्रिक विभागाला आजच लेखी द्यावी.

आपले,
वृत्तकक्षात आणि ध्वनिसंग्रहात काम करणारे काही जण