तो मागचा खट्ट आवाज

प्रिय दोस्ता,

त्या आवाजाचं काय झालं ते तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा नंतर सांगतो म्हणून टाळलं, कारण सांगण्यासारखं काही सापडलंच नव्हतं. आता सापडलंय. आपल्या एमजीबीच्या, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, मागून येणारा तो खट्ट आवाज डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या धुऱ्यावरच्या गिअरच्या डब्याचा, नव्हता! मी तर तेच उघडायला निघालो होतो, बरं झालं आळस केला.

तुला आठवत असेल, क्लच सोडला की एक खट्ट, ब्रेक दाबला की अजून एक, मध्ये सगळं शांत. बेअरिंग असतं तर वेगाबरोबर आवाज वाढला असता, हा दर वेळी एकदाच वाजून गप्प. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट हातानं पिळून बघितले, ठीक. तारांची चाकं असती तर हबचे स्प्लाइन, म्हणजे दाते, झिजलेत का बघितलं असतं, पण आपली साधी पत्र्याची. शॉकअपची लिंक सोडवून त्याचा दांडा वरखाली केला, तर दोन्ही बाजूंना सारखाच जड. पण एक गोष्ट खूप दिवस जाणवत होती आणि मी ती टायरच्या हवेवर ढकलत होतो, रेस दिली की गाडी किंचित डावीकडे जायची आणि पाय उचलला की उजवीकडे, मागे बसून कुणी दुसराच स्टिअरिंग फिरवतोय असं वाटायचं.

आणि फिरवत होतंच रे. या गाडीचा मागचा धुरा पुढेमागे सरकू नये म्हणून वेगळा दांडा वगैरे काही नाही, खड्डे झेलायचे, गाडी पुढे ढकलायची, ब्रेकचा पीळ सोसायचा, सगळं पाट्यांनीच, म्हणजे थरांच्या लोखंडी स्प्रिंगांनीच, करायचं. म्हणून एक दिवस स्टिअरिंग सरळ धरून चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि टेप लावली. उजवीकडे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत बरोबर ९१ इंच, असायला हवं तेवढंच. डावीकडे जवळजवळ अर्धा इंच जास्त. तीनदा मोजलं, शेवटी टेपवर संशय घेतला, टेप बदलून पण तेच.

मग गाडी स्टँडवर घेतली, धुऱ्याखाली जॅक देऊन पाट्यावरचा भार उतरवला आणि धुरा पाट्याला बांधणारे डावीकडचे यूबोल्ट सोडायला गेलो तर नट जवळपास हातानेच फिरले. पाटे एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट दोन तुकड्यात निघाला. त्याचं डोकंच धुऱ्याला जागेवर धरतं, तेच तुटल्यावर धुरा पाट्यावर पुढेमागे घसरणार नाहीतर काय. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा चकचकीत, म्हणजे चीर जुनीच होती, बाकीचा जीव हल्ली गेला. मागच्या वेळी ज्याने धुरा आणि पाट्यामधले रबरी पॅड बदलले त्याने नंतर यूबोल्ट पुन्हा आवळलेच नसणार, नवं रबर दबतं आणि बोल्ट ढिले पडतात. पण त्याला तरी काय बोलणार, त्यानंतर खाली वाकून मीही कधी बघितलं नाही.

पाटे क्लॅम्पमध्ये पकडून मगच बोल्टचा उरलेला तुकडा काढला, नाहीतर पाटे उसळून हातावर येतात. सेंटर बोल्ट, यूबोल्ट, पॅड, पाट्याच्या टोकांतले रबरी बुश सगळं दोन्ही बाजूंना नवीन टाकलं. पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा, म्हणजे टोकाच्या वळ्यातला, बुश बसवताना मात्र घाम निघाला, जुन्याचं रबर फाटून निघालं आणि बाहेरची लोखंडी नळी तशीच आत अडकली, ती हॅकसॉ ब्लेडनं आतून कापत बसलो, अख्खी संध्याकाळ गेली. आणि त्याचा बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करायचा नाही हं, आधी चाकं जमिनीवर टेकवायची, भार येऊ द्यायचा, मग आवळायचा. नाहीतर ते चिकटवलेलं रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

आता दोन्हीकडे ९१. खट्ट बंद, पाय उचलला तरी गाडी सरळ. एका बाजूला थोडी झुकलेली दिसते अजून, पण एमजीबी अशा झुकतातच, ते मी सोडून दिलंय.

तुझा टॉर्क रेंच, तो मोजून जोर लावायचा पाना, अजून माझ्याकडेच आहे. दोनतीनशे किलोमीटर झाले की यूबोल्ट परत आवळायचेत, तोपर्यंत मागू नकोस.

तुझाच,
काळ्या हातांचा मित्र