आबांची बोअर

प्रिय मित्रा,

तीन महिने तुझा फोन उचलला नाही, रागावला असशीलच. तब्येत ठीक आहे, आईचे गुडघे दुखतात तेवढंच. आता लिहितोय ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. आबांच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा गढूळ फवारा तुझ्या कोऱ्या शर्टावर उडाला होता, आणि आबा रडत होते.

सरपंच होऊन अडीच वर्षं झाली. घरपट्टी-नळपट्टीची वसुली, निधीचा हिशेब, कामांची बिलं, सगळं वेळच्या वेळी. मागच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती झाला, माणसाजनावरांना किती लागेल, उरलेल्यात काय पिकेल. शेवटी म्हणालो, यंदा नवा ऊस नको, शेतीच्या बोअर उन्हाळाभर बंद. कुणी विरोध केला नाही. मागे बसलेल्या एका म्हातारीने एवढंच विचारलं, "तुझी मोटर चालू हाय न्हवं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. सभा उठली.

विसर्जनाचं भांडण आठवतं? ट्रॅक्टर चिखलात रुतला, मी वर्गणीची वही पिशवीत गुंडाळत होतो आणि तू चाकाखाली दगड लावायला उतरलास. तुझ्यामागे सगळी पोरं उतरली. (तुझी एक चप्पल अजून तिथेच असेल!) रात्री तू म्हणालास, हिशेब तुझा पक्का, पण तुझ्यामागे येणार कोण? सहा महिने बोललो नव्हतो तुझ्याशी.

पाणी राखून सावरलेलं हिवरे बाजार बघायला गेलो, तिथेही मी आकडेच उतरवत बसलो होतो. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले तेव्हाचं ते दुष्काळाने उठलेलं गाव. पाण्याचा ताळेबंद आज कुणालाही शिकता येतो, मी शिकलो. आणि कारभार हलका नाही रे, तो चोख नसेल तर पाणी किती उरलंय हेच कळत नाही. पण नगरसारख्या उसाच्या जिल्ह्यात ऊस नाही, केळी नाही, शेतीला बोअर नाही, हे गावाने पाळलं ते फळ्यावरच्या आकड्यांनी नव्हे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी म्हणजे कुणाच्या तरी चुलीत आणि दावणीत हात घालणं. ते सांगणाऱ्याचं आधी स्वतःचं काहीतरी गेलेलं लोकांना दिसावं लागतं. माझं काय गेलंय? दीड एकर ऊस हिरवागार उभा आहे, रस्त्यावरून दिसतो.

पण ही बोअर आबांनी बैलजोडी विकून मारलेली. मोटर सुरू झाली की आई अजून हात जोडते. धाकट्याच्या पोरीची फी त्याच उसावर. तो म्हणतो, सरपंचकी तुझी, भोगायचं आम्ही का? त्याचंही खोटं नाही. रात्री मोटरचा आवाज ऐकू आला की झोप उडते.

तुझ्या बदलीचं काय झालं? घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार.

पुढच्या ग्रामसभेआधी मोटर वर काढायची असं ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी ये. मोटर ओढायला माणसं मिळतील, आईजवळ बसायला तू हवास.

तुझाच