पूल तपासताना वरचा डोंगरही तपासावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डोंगराळ रस्त्यांवरील पुलांची नियमित तपासणी बहुधा पुलाच्या दोन टोकांपाशी थांबते. काँक्रीटमधील तडे, उघडी पडलेली सळई, झिजलेली बेअरिंग (खांब आणि वरचा पूल यांच्यामधील आधार), पायाजवळची धूप यांची नोंद होते. परंतु पूल ज्या उतारात उभा आहे तो उतार स्थिर आहे का, आणि वरच्या घळीतून दगडमाती उतरली तर ती कोणत्या खांबावर येईल, या प्रश्नांसाठी तपासणीच्या तक्त्यात रकानाच नसतो. पुलांच्या तपासणीत अनेक वर्षे काम केले असल्याने ही उणीव मला गंभीर वाटते.

इटलीतील सिसिली बेटावर पालेर्मो आणि कातानिया या शहरांना जोडणाऱ्या महामार्गावरील हिमेरा पुलाचे खांब एप्रिल २०१५ मध्ये दरडीच्या रेट्याने कलले. त्या पुलाच्या काँक्रीटमध्ये दोष होता म्हणून हे घडले नाही. बाजूच्या उतारावरील जुने भूस्खलन पुन्हा सक्रिय झाले, सरकणाऱ्या मातीने खांबांना आडवे ढकलले आणि एका दिशेचा मार्ग त्यांच्यासोबत तिरका झाला. प्रमुख महामार्ग तुटला आणि तेथे नवा पूल सुरू व्हायला २०२० साल उजाडले. खांबाचा आराखडा करताना पुलाचे व वाहनांचे वजन, वारा, भूकंप, वाहनांच्या ब्रेकचा जोर हे सगळे हिशेबात घेतलेले असते. पण पायाभोवतीची जमीनच एका बाजूला चालू लागली तर तिचा रेटा त्या हिशेबात सहसा नसतो. पाया घसरत्या थरातच संपत असेल तर खांब जमिनीबरोबर जातो, आणि पाइल (जमिनीत खोलवर उतरवलेले पायाचे खांब) खालच्या पक्क्या खडकात रुतलेल्या असतील तर घसरता थर ज्या पातळीवरून सरकतो तेथे त्या वाकतात किंवा मोडतात, जे वरून पाहणाऱ्याला कळत नाही.

अशी संथ हालचाल पुलावर खुणा मात्र ठेवते. एका टोकाचा प्रसरण सांधा (उष्णतेने पूल लांबतो त्यासाठी ठेवलेली फट) पूर्ण मिटलेला आणि दुसऱ्या टोकाचा ताणून उघडलेला दिसतो. बेअरिंग आपल्या जागेवरून सरकून कडेवर येते. एका टोकाकडून नजर लावली की कठड्याची सरळ असायला हवी ती रेषा मध्येच वाकलेली आढळते. वर उतारावर जमिनीत कमानीसारखी लांब भेग पडलेली असते, संरक्षक भिंतीला पोट आलेले असते, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी पाणी पाझरू लागते. यांपैकी एकेक खूण किरकोळ दुरुस्तीचे काम म्हणून निकालात काढली जाते, सांधा बदलला जातो, आणि काही काळाने तो पुन्हा मिटतो. तो का मिटला, हे त्याच वेळी विचारायला हवे.

वेगाने येणाऱ्या दरडींची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांत पूर्वसूचनेला वेळच उरत नाही. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी इटलीतच सावोनाजवळ मुसळधार पावसात डोंगरावरून आलेल्या चिखलदगडांच्या लोंढ्याने महामार्गावरील पुलाचा सुमारे ३० मीटरचा भाग पाडला. २५ जुलै २०२१ रोजी हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात बटसेरी येथे घरंगळत आलेल्या प्रचंड दगडांनी बास्पा नदीवरील लोखंडी पूल तोडला. त्याच दगडांच्या माऱ्यात सापडून नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी पुलाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी उत्तर मिळणार नाही. ते वरच्या कड्यातील सुट्या खडकांत आणि घळीत साचलेल्या राडारोड्यात शोधावे लागते.

जेनोआ येथील मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जणांचा बळी गेला. त्यानंतर, २०२० मध्ये, इटलीने विद्यमान पुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत संरचना व पाया, भूकंप आणि पूर यांच्या बरोबरीने भूस्खलन हा स्वतंत्र धोका मानला आहे, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुलांची नोंद, मग प्रत्यक्ष पाहणी, मग धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी एका पातळीत वर्गवारी आणि गरज असेल तेथेच सखोल अभ्यास, असा त्यांचा क्रम आहे. दरड सक्रिय आहे की सुप्त, तिचा वेग व आकारमान किती, पुलाची रचना व पाया तो आघात सोसेल का, पुलावरून किती वाहतूक जाते आणि तो बंद पडल्यास पर्यायी रस्ता आहे का, हे सारे एकत्र पाहिले जाते. दरड कोणत्या वर्षी येईल हे अचूक सांगता येत नाही, ही सबब येथे चालत नाही, कारण आधी कोणत्या पुलाकडे जायचे एवढे ठरवायला ही ढोबळ वर्गवारी पुरते.

भूस्खलनप्रवण क्षेत्रांचे नकाशे आहेतच, मग वेगळी पाहणी कशाला, असे कोणी म्हणेल. प्रदेशव्यापी नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असेल तर दोनशे मीटर लांबीचा पूल त्यावर चार मिलिमीटरचा होतो. त्यावरून पूल संशयित ठरवता येतो, कोणता खांब धोक्यात आहे हे नाही. उपग्रहावरील रडारने संथ हालचाल वर्षाला काही मिलिमीटर इतक्या बारकाव्याने मोजता येते आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. पण दाट झाडीत ते मोजमाप अविश्वसनीय होते आणि काही मिनिटांत येणारा लोंढा त्यात आधी दिसत नाही. म्हणून भूवैज्ञानिकाने पूल अभियंत्यासोबत त्या उतारावर प्रत्यक्ष चढण्याला पर्याय नाही. आज हे दोघे वेगवेगळ्या कार्यालयांत बसून वेगवेगळे अहवाल लिहितात.

तेव्हा संबंधित यंत्रणांना विनंती अशी की, पुलाच्या प्रत्येक तपासणी अहवालाला उताराचे स्वतंत्र पत्रक जोडावे आणि पूर्वी रस्त्यावर आलेल्या दरडींची, त्या नुसत्या हटवून विसरल्या गेल्या असल्या तरी, ठिकाण व तारखेसह नोंद त्यात असावी. अशा वर्गवारीत सर्वाधिक धोक्याच्या ठरलेल्या पुलांसाठी किती पाऊस झाला किंवा किती हालचाल नोंदली गेली की वाहतूक थांबवायची, आणि तो निर्णय जागेवरच्या कोणत्या अधिकाऱ्याने वरिष्ठांची वाट न पाहता घ्यायचा, हे पावसाळ्याआधीच लेखी ठरलेले असावे. ही पत्रके व वर्गवारी लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावीत, कारण उतारावरची नवी भेग बहुतेकदा तेथे रोज जाणाऱ्या गुराख्याला किंवा शेतकऱ्याला आधी दिसते, आणि ती कोणाला कळवायची हे त्याला माहीत असायला हवे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता