केपटाउनहून बाबांना

केपटाउन

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सुट्टी टाकून कुठे जातेस, असं आई विचारत होती. मी रोलँड स्ट्रीटवरच्या सरकारी दफ्तरखान्यात जाते. जुन्या तुरुंगाच्या जागेवरच तो उभारलाय. इथे डच ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं, त्या काळातले गुलामांवरचे खटले तिथे जपून ठेवलेत. डच मला येत नाही. पण निवडक खटले इंग्रजीत छापलेत, त्यावर भागतं.

तुम्ही जन्मभर कोर्टात जबान्या लिहून घेतल्यात, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तपास करणारा आणि फिर्याद चालवणारा अधिकारी एकच, त्याला फिस्कल म्हणत. देहान्त शिक्षेला सहसा आरोपीची कबुली लागे, आणि ती मिळावी म्हणून छळाची मुभा कायद्यानेच दिलेली! मग तीच कबुली त्याला पुन्हा वाचून दाखवायची, आणि आता वेदना नाहीत, बेड्या नाहीत, हे राजीखुशीने सांगतोय, असं लिहून घ्यायचं. नाकबूल केलं तर परत छळ. खाली फुलीची निशाणी. तुमच्याकडे डाव्या अंगठ्याची असे तशी. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुराव्यात धरत नाहीत, त्याची किंमत मला इथे कळली.

आरोपींची नावं वाचताना मात्र मी अडखळते. अमुक 'फान बेंगालन', तमुक 'फान मलाबार'. म्हणजे बंगालचा, मलबारचा. आपल्याच किनाऱ्यांवरून कंपनीच्या जहाजांतून आणलेली माणसं ही. आईबापांनी ठेवलेलं नाव बहुतेकांचं कुठेच नाही. कुणी पळाला, कुणी मालकावर सुरी उगारली, कुणी घर पेटवलं, म्हणून त्याचं बोलणं कागदावर आलं. तेही कारकुनाच्या डचमध्ये, 'आरोपी म्हणतो की' असं. निमूट राबून मेले, त्यांचं एवढंही उरलं नाही.

शिक्षा लिहीत नाही, आई वाचेल. एवढंच सांगते की प्रेत पुरायचं नाही, पाखरांनी खाईपर्यंत टांगून ठेवायचं, हेसुद्धा निकालातच लिहिलेलं असे.

1795 मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी छळ बंद करायचं ठरवलं. तेव्हा हरकत कुणी घेतली असेल? हे खटले चालवणाऱ्या न्यायमंडळानेच! गुलामांना सौम्य शिक्षेचा धाक वाटत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. बाबा, त्या मंडळातले बहुतेक जण कायदा शिकलेलेही नव्हते. पण गुलाम बाळगणारे त्यांच्यात होते.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाकडून मागवा.

तुमची,
शुभा