स्प्रिंग कॉम्प्रेसरचा हुक तुटल्याबाबत तक्रार व या मालाची विक्री तातडीने थांबवण्याची मागणी

ठाणे (पश्चिम)
दि. ३० सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

संदर्भ: २५ ऑगस्ट २०२५ रोजी घरपोच मिळालेली ऑर्डर. बिल, चॅटची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरचा (गाडीच्या चाकावरची स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराचा) एक हुक १४ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, स्प्रिंग दाबलेली असतानाच तुटला. तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या खांबाचा गिलावा उडवून खाली पडला. रॅचेटचा (नट आवळायच्या पान्याचा) दांडा आदळून माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं, तेवढ्यावर भागलं. माझा चौदा वर्षांचा मुलगा मात्र दहा मिनिटं आधीपर्यंत त्याच खांबाला टेकून टॉर्च धरून उभा होता. आईने नाश्त्याला हाक मारली म्हणून तो वर गेला होता.

माझे १,१९९ रुपये मला परत हवेत, पण तेवढ्यासाठी मी इतकं लांब पत्र लिहिलं नसतं. हा माल तुम्ही अजून विकताय. आज सकाळीसुद्धा तुमच्या पानावर ‘फक्त ७ शिल्लक’ असं दिसत होतं. ते सात कॉम्प्रेसर कुणाच्या घरी पोहोचायच्या आत थांबवा, आणि आधी गेलेत त्यांच्या मालकांना कळवा, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सतरा वर्षं क्वालिटी विभागात काम करतो. गाडीची किरकोळ कामं घरीच करतो. ब्रेक पॅड, तेल, फिल्टर, बेअरिंग. यंदा गणपतीला गावी जाऊन आल्यावर पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यात गेलं की खटखट आवाज यायला लागला. घोडबंदर रोडवरच्या रोजच्या ये-जा करण्यातच स्ट्रटचं (चाकावरच्या, स्प्रिंग बसवलेल्या उभ्या दांड्याचं) वरचं माउंट, म्हणजे त्याची वरची बैठक, आधीपासून खिळखिळं झालेलं असणार. ते आज ना उद्या बदलावं लागणार हे दिसत होतं, म्हणून कॉम्प्रेसर मी आधीच मागवून ठेवला होता.

तुमच्या हेल्पलाइनवर पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं, “सर, कॉम्प्रेसर हवा भरत नाहीये का?” तिचा काही दोष नाही. हे काय यंत्र आहे ते तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण जी कंपनी ही वस्तू ‘घरगुती वापरासाठी सुरक्षित’ म्हणून विकते तिला तरी हे माहीत हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाची स्प्रिंग स्ट्रटवर दोन थाळ्यांच्या मध्ये कोंडलेली असते आणि वरचा मधला एक नट तिला धरून ठेवतो. स्प्रिंग आधी दाबून घेतल्याशिवाय तो नट सोडला तर थाळी, माउंट आणि स्प्रिंग सगळंच उसळून तोंडावर येतं. म्हणून दोन लांब आटेदार दांड्या समोरासमोर लावायच्या, त्यांच्या दोन्ही टोकांचे हुक स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे आणि दोन्ही दांड्या आळीपाळीने आवळत न्यायच्या. थाळ्यांवरचा दाब सुटून स्प्रिंग सैल वाजायला लागली की मग मधला नट सोडायचा. नवं माउंट बसवून तो नट पुन्हा आवळेपर्यंत त्या स्प्रिंगला धरून असतात ते फक्त तुमचे चार हुक. त्या वेळी माणसाचे हात आणि डोकं स्प्रिंगपासून वीतभर लांब असतं.

जोर किती असतो तेही सांगतो. माझ्या गाडीसारख्या हॅचबॅकची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण २ किलोचा जोर लागतो. मोकळ्या उंचीपासून १२० मिमी दाबली की २४० किलो झाले. तिच्यात त्या क्षणी साठलेली ऊर्जा म्हणजे भरलेलं घरगुती गॅस सिलिंडर गुडघ्याएवढ्या उंचीवरून पायावर सोडावं, तेवढी. मोठ्या गाड्यांचं गणित याहून वर जातं. तुमच्या पानावर क्षमता लिहिली आहे ‘१ टन’. माझे २४० किलो दोन दांड्यांत वाटले गेले, म्हणजे एका दांडीच्या वाट्याला १२० किलो आले. तेवढ्यात तुमचा हुक गेला.

आता तुम्ही २२ तारखेच्या ईमेलमध्ये जे म्हणता, ‘उत्पादन योग्य पद्धतीने वापरले नसावे’, त्याबद्दल. वापरायची योग्य पद्धत तुमच्या खोक्यात कुठेच नव्हती, एक साधा कागदही नव्हता. तरी मी काय केलं ते लिहितो. गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना ओट लावले, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली, स्ट्रट काढून फळीवर आडवा ठेवला. आट्यांना ग्रीस लावलं. दोन्ही दांड्या बरोबर समोरासमोर लावल्या. झटके देत नट आवळणारी इम्पॅक्ट गन माझ्याकडे आहे, पण ती वापरली नाही. हाताच्या रॅचेटने एकेका बाजूला दोन-दोन फेरे दिले. स्प्रिंगच्या तोंडासमोर बसलो नाही, बाजूला बसलो. मधल्या नटाला हातही लावला नव्हता. तो नट जागेवर होता म्हणून हुक तुटल्यावरही स्प्रिंग स्ट्रटमध्येच अडकून राहिली, फक्त तुकडा उडाला. अजून चार फेरे झाल्यावर मी तो नट सोडणार होतो.

तुटलेला हुक मी जपून ठेवला आहे. तुमच्या पानावर तो ‘ड्रॉप फोर्ज्ड’, म्हणजे ठोकून घडवलेला, म्हणून दिला आहे. घडीव पोलाद तुटायच्या आधी वाकतं, उघडतं, माणसाला सूचना देतं. हा हुक कणभरही वाकलेला नाही, सरळ दोन तुकडे झाले आहेत. तुटलेली बाजू राखाडी आणि रवाळ आहे, गुळाची ढेप फोडल्यावर आतून दिसते तशी. आतल्या कोपऱ्यात, जिथे ताण सर्वांत जास्त येतो नेमकं तिथे, मोहरीच्या दाण्याएवढं एक गुळगुळीत छिद्र आहे. ओतकाम करताना हवा अडकली की असं छिद्र पडतं. म्हणजे हुक ओतीव आहे, आणि वाईट ओतलेला आहे. वरून जाड काळा रंग दिल्यामुळे बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. फोटो क्र. ३ आणि ४ पाहा. बाजूला मोहरीचा दाणा मुद्दाम ठेवला आहे.

मग बाकीचे भागही व्हर्नियरने मोजले. दांडी १४ मिमीची म्हणून दिली आहे. त्या मापाच्या प्रमाणित बोल्टच्या आट्यांचा बाहेरचा व्यास १३.६८ मिमीच्या खाली जाऊ देत नाहीत. ही दांडी १३.४ भरली. नट तीत इतका सैल बसतो की हाताने डुगडुगतो. चौथ्या-पाचव्या वापराला हे आटे गेलेच असते. दांडीवर पोलादाची ग्रेड कोरलेली नाही, हुकावर क्षमता नाही, बनवणाऱ्याची खूण तर कुठेच नाही.

यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. स्प्रिंगचे वेढे तिरके असतात, त्यामुळे ताण आला की हुक त्या उतारावरून घसरायला बघतो. एका बाजूचा हुक सरकला की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि निसटते. हे होऊ नये म्हणून चांगल्या कॉम्प्रेसरच्या हुकाला आडवी खीळ असते. वेढा हुकात बसला की ती घालायची, मग हुक वेढा सोडत नाही. तुमच्या पानावरच्या पहिल्याच फोटोत ही खीळ ठळक दिसते. मी तुमचा कॉम्प्रेसर निवडला तो त्या खिळीमुळेच. त्याच्याहून तीनशे रुपयांनी स्वस्त दुसरा होता, पण त्याला खीळ नव्हती. खोक्यात खीळ निघाली नाही. हुकाला ती घालायला भोकसुद्धा नव्हतं. २६ ऑगस्टला मी चॅटवर विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘नवीन मॉडेलला पिनची गरज नाही.’ मी ते खरं मानलं. त्याच दिवशी परत पाठवायला हवा होता, ती माझी चूक. पण ते उत्तर तुमच्या कंपनीच्या नावाने आलेलं आहे, आणि त्याची प्रत सोबत आहे.

शेवटी स्ट्रट पिशवीत घालून कळव्याच्या एका गॅरेजमध्ये नेला. तिथे भिंतीला बसवलेला कॉम्प्रेसर आहे. वरून-खालून रुंद पकडी वेढ्याला कवेत घेतात, मध्ये एकच जाड स्क्रू, समोर जाळी. वीस मिनिटांत माउंट बदलून झालं. तिथल्या मिस्त्रींना तुमचा हुक दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हुक नाही साहेब, मडकं आहे हे. पोराला हात लावू देऊ नका.”

आता तुमच्या उत्तरांबद्दल. १५ सप्टेंबरला मी लेखी तक्रार केली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. मला तक्रार क्रमांक आजवर मिळालेला नाही. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. आठव्या दिवशी आलेल्या ईमेलात ‘परतीची १० दिवसांची मुदत संपली आहे, सदिच्छा म्हणून ३०० रुपयांचं कूपन देत आहोत’ असं लिहिलं होतं. परतीची मुदत माप लहान-मोठं निघालं, रंग आवडला नाही, अशा गोष्टींसाठी असते. दहा दिवस कपाटात पडून राहिला म्हणून खराब ओतलेला हुक चांगला होत नाही.

खोक्यावर उत्पादकाचं नाव नाही, आयातदाराचं नाही, कोणत्या देशात बनला ते नाही, महिना-वर्ष नाही. वेष्टनबंद मालावर ही माहिती छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी कुणाची ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि बनवणारा कोण हे कळत नसेल तर कलम ८६ प्रमाणे ती विकणाऱ्यावर येते. ‘आम्ही फक्त विक्रेते आहोत’ हे जे मला फोनवर ऐकवलं गेलं, त्याचा इथे उपयोग नाही.

माझं म्हणणं असं आहे. हे पान आजच्या आज बंद करा. हा कॉम्प्रेसर ज्यांना ज्यांना विकला त्या प्रत्येकाला फोन किंवा संदेश करून सांगा की तो वापरू नका, आणि त्यांचे पैसे परत करा. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत. सणाच्या सेलचे संदेश तुम्ही दिवसातून दोनदा पाठवताच. हा माल तुम्हाला कुणी पुरवला त्याचं नाव-पत्ता मला लेखी कळवा. माझे १,१९९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा, कूपन नको. आणि पुढे असं हत्यार विकायचंच असेल तर खीळ असलेला, घडीव हुकाचा, क्षमता अंगावर कोरलेला माल घ्या, फोटो त्याच मालाचा लावा आणि खोक्यात वापराची माहिती मराठीत व हिंदीत छापून घाला. ‘सर्व गाड्यांसाठी’ हे शब्द काढून टाका. स्प्रिंगच्या तारेची जाडी किती असावी, हुक किती उघडतो, जास्तीत जास्त किती लांबीची स्प्रिंग चालते, हे तीन आकडे लिहा. घरी काम करणाऱ्याला निवड करायला तेवढे पुरतात. मी शोधत होतो ते हेच आकडे, आणि ते न मिळाल्यामुळे मला फोटोवर विसंबावं लागलं.

१५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे माझ्या पहिल्या तक्रारीला महिना होईपर्यंत, मी थांबेन. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करतो आहे. तोवर हे पान चालू दिसलं तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, त्यासाठी मला तुमच्या मुख्यालयापर्यंत यायची गरज नाही.

तुटलेला हुक, उरलेले तीन हुक आणि दोन्ही दांड्या डब्यात घालून ठेवल्या आहेत. तुमचा तपासणीस घरी आला तर त्याच्यासमोर डबा उघडेन आणि व्हर्नियरही देईन. कुरियरने मात्र यातलं काहीही पाठवणार नाही.

आपला,
ठाण्यातील एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, २६ ऑगस्टच्या चॅटची प्रत, २२ सप्टेंबरचा ईमेल, तुमच्या पानाचे आजचे छायाचित्र, हुकाचे व मोजमापांचे सहा फोटो