पक्षी मारून मासे वाढत नाहीत

पाणकावळे मारण्याची परवानगी हौशी मासेमारांना मिळावी, अशी मागणी करणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. गळ टाकून तासन्‌तास बसावे आणि डोळ्यांदेखत पाणकावळ्याने चोचीत आडवा धरलेला मासा हवेत उडवून, डोक्याकडून झेलून गिळावा, याने होणारी चिडचिड समजण्याजोगी आहे. मोठा पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासे फस्त करतो, हेही खरेच. मात्र लेखकाने सुचवलेला उपाय टिकणारा नाही, कारण हे पक्षी माशांच्या मागावर दूरवर फिरतात आणि काही मारले गेले, तरी त्यांची जागा दुसरे लवकरच घेतात. त्याऐवजी पाण्यात जाळीचे पिंजरे किंवा फांद्यांचे भारे बुडवून माशांना लपायला जागा करून दिली, तर पक्ष्यांना शिकार कमी मिळते आणि त्यांच्या फेऱ्याही घटतात, असे इंग्लंडमधील तळ्यांत झालेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. या उपायाला खर्च आणि मेहनत लागते, हे मान्य. पण त्यातला मोठा भाग सुरुवातीलाच. शिवाय नुकसान एकाच बाजूचे होते असेही नाही. काठावर टाकून दिलेल्या नायलॉनच्या तंगुसात पाय आणि पंख गुरफटून बगळे व पाणकावळे मरतात. लेखात त्याबद्दल एक ओळही नसावी, याचे आश्चर्य वाटले.